मालिका कधी संपणार, ते आधी सांगा

महाराष्ट्रात मालिकांवरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मराठी मालिका बघण्याच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. सासवा-सुना, कटकारस्थानं, वर्षभर लांबलेली लग्नं. बघायचंच असेल तर कोरियन बघा. दुसरा तट म्हणतो, पोरी कोरियन वेडापायी वाहवत चालल्यात, त्यांना घरचं सगळं मागासलेलं वाटायला लागलंय. आमच्या घरात हे दोन्ही तट नांदतात. सांगलीची माझी भाची पहिल्यात, तिची आई, म्हणजे माझी वहिनी, दुसऱ्यात, आणि दोघीही फोनवर मला आपल्या बाजूला ओढत असतात.

मी बरीच वर्षं सिंगापुरात राहते आणि आशियातल्या मिळतील त्या देशांच्या मालिका मनापासून बघते. कोरियन, जपानी, तैवानी, चिनी, थाई, पाकिस्तानी, आणि अर्थात मराठी. मला दोन्ही तटांचं पटत नाही. सासू-सून हा काही एकट्या मराठी मालिकांचा रोग नाही, आणि कोरियन मालिकांमध्ये सासू नसते हा तर निव्वळ गैरसमज आहे. माझ्या मते खरा फरक वेगळा आहे. तिकडच्या बहुतेक मालिकांची गोष्ट किती भागांत संपणार, हे पहिला भाग लागण्याआधी ठरलेलं असतं. आपल्याकडे ते कुणालाच माहीत नसतं, लिहिणाऱ्यालाही नाही.

आधी सासूचं बघू. दक्षिण कोरियात २०१२ साली केबीएस वाहिनीवर ‘माय हजबंड गॉट अ फॅमिली’ नावाची मालिका लागायची, शनिवार-रविवारी. नायिकेला सासर नको असतं, म्हणून ती अनाथ, अमेरिकेत दत्तक गेलेल्या डॉक्टरशी लग्न करते. पुढे कळतं की त्याचं हरवलेलं सख्खं कुटुंब म्हणजे यांचे घरमालकच, शेजारच्याच दारातले. सासू, आजेसासू, नणंदा, सगळा गोतावळा. माझ्या वहिनीला ही मालिका मी भाषांतराच्या पट्ट्यांसह बघायला लावली. तिला एकही पात्र परकं वाटलं नाही. आणखी खाली उतरायचं तर २००८-०९ची ‘वाइफ्स टेम्प्टेशन’ घ्या. नवऱ्याने मरायला सोडलेली बायको चेहऱ्यावर एक तीळ रंगवून परत येते आणि नवरा तिला ओळखत नाही! कोरियात अशा भडक मालिकांना ‘माकजांग’ म्हणतात आणि त्या रोज लागतात. भाचीला हे पटवून द्यायला मला वेळ लागला, कारण तिच्यापर्यंत पोचतं ते तिकडचं निवडक. ती त्यांच्या उत्तमाशी आपलं रोजचं ताडून बघते. पण एवढं सांगते, त्या तिळाच्या गोष्टीलासुद्धा १२९ भागांनंतर शेवट होता.

आता भाचीची आवडती ‘रिप्लाय १९८८’. सोलच्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच कुटुंबं, शेजारच्या घरात भाजीचं भांडं पोचवणारी मुलं. ही गोष्ट सदाशिव पेठेत किंवा गिरगावात घडली असती तरी फार काही बदलावं लागलं नसतं. वीस भाग. ‘माय मिस्टर’ सोळा भाग. कर्जाखाली दबलेली एकवीस वर्षांची मुलगी आणि थकलेला मध्यमवयीन इंजिनियर, त्यांच्यात प्रेमप्रकरण नाही, फक्त एकमेकांचं दुःख ओळखणं आहे. मला ती आजवर पाहिलेल्या मालिकांत सर्वांत जवळची वाटते. लिहिणारीला पहिल्या भागापासून ठाऊक आहे की आपल्याला सोळाव्यापर्यंत कुठे पोचायचंय, म्हणून दुसऱ्या भागातला एखादा साधा संवाद पंधराव्यात येऊन पोटात गलबलवतो. शेवट माहीत नसलेल्या लेखकाला हे कसं जमावं?

घरी हे बोललं की लगेच उत्तर येतं: त्यांचं आठवड्याला दोन भागांचं काम, आपल्याला रोज भाग द्यावा लागतो, तुलनाच चुकीची. हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच मी कोरिया सोडून जपानकडे बोट दाखवते.

जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर १९६१पासून सकाळची मालिका लागते. पंधरा मिनिटांचा भाग. पूर्वी आठवड्याला सहा दिवस, २०२०पासून पाच. एक मालिका साधारण सहा महिने चालते, मग तिच्या जागी दुसरी येते. बहुतेकदा एक तोक्योत तयार होते, पुढची ओसाकात. म्हणजे रोजची मालिका, घरकाम करता करता बघायची, कुटुंबाची, बाईच्या आयुष्याची, आणि तरीही संपणारी. एखादी अपवादाने वर्षभर चालते, तशी १९८३-८४ची ‘ओशिन’ होती: २९७ भाग, सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक. भाताच्या पोत्याच्या बदल्यात कामाला धाडलेल्या त्या गरीब मुलीची गोष्ट पुढे इराणपर्यंत गेली आणि तिथे घरोघरी पाहिली गेली. सासूचा जाच तीतही आहे, तोही असा की बघवत नाही. पण तो गोष्टीतला एक टप्पा आहे, आणि ओशिन त्यातून बाहेर पडते.

२०२४ची ‘तोरा नि त्सुबासा’ मला फार आवडली. मिबुची योशिको या जपानच्या पहिल्या स्त्री-वकिलांपैकी एक, पुढे न्यायाधीश झाल्या. त्यांच्या आयुष्यावर ती बेतलेली आहे. सुरुवातीलाच युद्धानंतरच्या उद्ध्वस्त शहरात नायिका वर्तमानपत्रात नव्या राज्यघटनेचं कलम १४ वाचते, कायद्यापुढे सगळे समान. आपल्या घटनेतलं समानतेचं कलमही चौदावंच आहे, ते वाचताना मला शहारा आला होता. आठवड्याला पाच भाग, सव्वीस आठवडे, १३० भाग. त्यात लग्न आहे, वैधव्य आहे, वहिनीशी मैत्री आहे, सावत्र मुलांशी ताणतणाव आहे. आपल्या मालिकांतलं सगळं साहित्य आहे. ते कुठेही पाणी घालून वाढवलेलं नाही.

मराठीत हे कधी झालंच नाही असं म्हणणारे घाईने बोलतात. २०१२मध्ये ‘उंच माझा झोका’ आली होती, रमाबाई रानड्यांची. आईने ती एक दिवस चुकवली नाही. ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली २०१९च्या डिसेंबरात, मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून. मध्यमवयीन गृहिणीला नवऱ्याचं प्रकरण कळतं आणि ती स्वतःचं आयुष्य उभं करते. रिमेक म्हणून तिला नावं ठेवली गेली, ते मला पटलं नव्हतं. एक गोष्ट अनेक भाषांत जाणं हे आशियाभर चालतं. एका जपानी मंगामधून, म्हणजे चित्रकथेतून, तैवानने २००१मध्ये ‘मेटिओर गार्डन’ केली, मग जपानने स्वतः, २००९मध्ये कोरियाने, २०१८मध्ये चीनने, २०२१मध्ये थायलंडने. प्रत्येकाने ती आपल्या पद्धतीने सांगितली आणि संपवली. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीचा मात्र घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, तरी देशमुखांच्या घराशी तिचा हिशेब मिटेना, आणि मालिका पाच वर्षं चालली. ज्या बाईने घर सोडण्याचं धैर्य दाखवलं, तिला टीआरपीसाठी त्याच दिवाणखान्यात पुन्हा पुन्हा आणून उभं केलं. यात संस्कृती कुठून आली? मालिका ‘मागास’ होते ती इथे. बाईला पुढे जाऊ दिलं तर गोष्ट संपेल, म्हणून तिला पुढे जाऊच द्यायचं नाही.

उलटही होतं, आणि ते तितकंच वाईट. आकडे घसरले की आधी वेळ बदलते, मग एखादी मालिका दोन आठवड्यांत गुंडाळतात. वर्षभर जिच्यासोबत बसलो तिला धड निरोपही मिळत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत वजनदार विरोध मला घरून मिळाला नाही, इथे मिळाला. माझ्याबरोबर काम करणारी एक फिलिपिनो मैत्रीण आहे. तिच्या देशात ‘आंग प्रोबिन्स्यानो’ ही पोलिसाची मालिका २०१५ ते २०२२ चालली, १,६९६ भाग. ती म्हणाली, संपू नये असंच आम्हाला वाटायचं. आई तिकडे, मी इकडे, रोज रात्री भाग झाला की फोन, बोलायला विषय तोच. मला हे शब्दशः कळलं. आमच्याकडे साडेसात म्हणजे इथले दहा. आई एकटी असते. तिला मालिका लागते ती सोबत म्हणून, आणि त्या सोबतीला कुणी हलकं लेखलं तर मला राग येतो. पण बारकाईने पाहिलं तर आईची सोबत त्या वेळेशी बांधलेली आहे. दिवा लावून झाला, भाकरीचं पीठ मळून ठेवलं, की टीव्ही. एक मालिका जाऊन दुसरी आली तरी ती साडेसातला तिथेच बसते. जपानच्या सकाळच्या मालिकेने साठहून जास्त वर्षं हेच सिद्ध केलंय. वेळ तीच ठेवायची आणि गोष्ट बदलत राहायची.

भाग कमी असावेत यासाठी सरकारने नियम करावा, असंही घरी कुणीकुणी म्हणतं. ते मला अजिबात नको. चीनने २०२०च्या फेब्रुवारीत मालिकांना चाळीस भागांची मर्यादा सांगितली, तीसच्या आत असतील तर उत्तम म्हणून. पण त्याच व्यवस्थेत आदल्या वर्षी राजवाड्याच्या मालिकांवर सरकारी वर्तमानपत्रातून टीका झाल्यावर त्या पडद्यावरून दूर केल्या गेल्या. कात्री एकदा हातात आली की ती फक्त लांबी कापत नाही.

पाकिस्तानी मालिकांचा विषय घरी काढणं अवघड आहे. २०१४मध्ये ‘जिंदगी’ वाहिनी सुरू झाली तेव्हा कितीतरी मराठी घरांत ‘हमसफर’ आणि ‘जिंदगी गुलजार है’ पाहिल्या गेल्या. सासू, संशय, गैरसमज सगळं होतं, आणि पंचवीसएक भागांत निकाल. उरीनंतर २०१६मध्ये त्या थांबल्या. २०२५मध्ये पहलगामला माणसं मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती, त्यानंतर ओटीटीवरूनही हा मजकूर काढायला सांगितलं गेलं. ज्याला आता ते बघवत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मला एवढंच वाटतं की छोट्या मालिकेची चव आपल्या प्रेक्षकाला एकदा लागलेली आहे. ‘आपल्या बायकांना लांबलचकच लागतं’ हे म्हणणं तेव्हाच खोटं ठरलं.

आणि वहिनीला एक सांगायचंय. कोरियन मालिकांनी पोरी वाया जातात ही भीती जपानमध्येही होऊन गेली, फक्त तिथे हसू झालं होतं ते चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचं. २००३-०४मध्ये एनएचकेने ‘विंटर सोनाटा’ दाखवली आणि त्या बायका कोरियन शिकायला लागल्या, मालिकेतल्या नामी बेटावर जाऊन आल्या. ज्या देशावर जपानने १९१० ते १९४५ राज्य केलं, त्या देशाच्या माणसांबद्दल त्यांना पहिल्यांदा आपुलकी वाटली. थायलंडमध्ये २०१८ला ‘लव्ह डेस्टिनी’ लागली तर लोक जुन्या पद्धतीचे पोशाख घालून अयुथ्थयाच्या देवळांत जाऊ लागले. तैवानची २०२३ची ‘वेव्ह मेकर्स’ तर आठच भागांची. निवडणूक प्रचाराच्या कार्यालयात एका मुलीचा छळ होतो आणि तिची वरिष्ठ तिला सांगते की हे असंच सोडून द्यायचं नाही. त्यानंतर तैवानमध्ये खऱ्याखुऱ्या बायका एकामागून एक बोलू लागल्या, राजकीय पक्षांना उत्तरं द्यावी लागली. मालिका मनात रुजायला आठ भाग पुरले.

इथल्या एका पेरानाकन, म्हणजे मलय मुलखात पिढ्यानपिढ्या रुळलेल्या चिनी घरातल्या, मैत्रिणीने मला ‘द लिटल न्योन्या’ दाखवली, सिंगापूरच्या चॅनल ८ची, २००८ची, चौतीस भाग. तिच्या आजीच्या घरातले दागिने, स्वयंपाक, बायकांची दुःखं मला त्यातून कळली. मग तिने विचारलं, तुमच्या भाषेतली एखादी सांग, पूर्ण बघेन. मला आमच्या घराचं असं काही तिला द्यायचं होतं आणि पूर्ण बघता येईल असं मोठ्या पडद्यावरचे सिनेमे सोडून काही सुचेना. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला ही उणीव फार लागते, कारण आपल्याकडे गोष्टी कमी नाहीत आणि नटही कमी नाहीत.

म्हणून माझं मागणं एका वाहिनीने एक वेळ बाजूला ठेवावी एवढंच आहे. सहा महिने, आठवड्याला पाच भाग, पहिल्या प्रोमोतच शेवटच्या भागाची तारीख. विषय मी सुचवते: शास्त्रज्ञ कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर आत आल्या आणि नंतर तिथे मुलींना प्रवेश सुरू झाला. १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी, मग दिल्ली, कुन्नूर, लग्नानंतर मुंबई, आणि गरिबांच्या पोषणासाठी नीरेवरचं संशोधन. माहेर आहे, सासर आहे, बहीण आहे, खडूस गुरू आहे. १३० भाग पुरतील.