२९ मिनिटं ५९ सेकंद!

बालगंधर्वला नाटकाचा पहिला अंक तासाच्या वर जातो. विलंबित ख्याल अर्ध्या तासात कुठे रंगात येतो. आणि नेमका तेव्हाच, २९:५९ला, बरेच जुने फोटोचे कॅमेरे रेकॉर्डिंग बंद करून गप्प बसतात! रेकॉर्डिंगचा लाल ठिपका गेलेला अंधारात कुणाला दिसत नाही.

बरं, हे यंत्राचं दुबळेपण नव्हेच. युरोपच्या आयात नियमांत सलग ३० मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा 'व्हिडिओ कॅमेरा' ठरायचा आणि शुल्क वाढायचं. म्हणून कंपन्यांनी सॉफ्टवेअरमध्येच कुलूप घातलं. शुल्क तिकडचं, भुर्दंड पुण्यात का? पॅनासॉनिकच्या जीएच५ या फोटोच्याच कॅमेऱ्याला ही मर्यादा नाही, म्हणजे जमतं की!

दुकानात '४ जीबीमुळे थांबतो' म्हणतात. चूक. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डावर ४ जीबीला फाइल तुटते (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने पावणेसहा मिनिटांत), पण बहुतेक नवे कॅमेरे पुढची फाइल आपोआप सुरू करतात. तापून बंद पडणं हा तिसराच प्रकार. फोरकेचं (४के) जड चित्रण, एप्रिलचा उकाडा, त्यात स्क्रीन पाठीला चिकटलेला. तो स्क्रीन उघडून पाठीपासून दूर फिरवा.

मर्यादा असलेलाच कॅमेरा हाती असेल तर काय? पंचविसाव्या मिनिटानंतर पहिल्या टाळ्यांना स्वतःच थांबवून लगेच सुरू करा. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर सलग घ्या, म्हणजे सांधा जुळतो. किंवा चित्रच एचडीएमआय केबलने बाहेरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर घ्या. तिथे बहुधा ही मर्यादा लागत नाही, मात्र स्क्रीनवरची अक्षरं आणि ऑटो पॉवर ऑफ आधी बंद करा. एवढे पैसे मोजून वर आणखी एक डबा विकत घ्यायचा, तोही कंपनीनेच घातलेल्या कुलपासाठी!