खिमा काढा, चव कशाला काढता?

पदार्थ व्हेज करायचा म्हटलं की त्यात ढोबळी मिरची घालायचीच, हा नियम कोणी केलाय? मापो टोफू म्हणजे चीनच्या सिचुआन प्रांतातला मऊ टोफू आणि खिम्याचा झणझणीत रस्सा. त्यात ढोबळी मिरची! सोबत गाजराचे चौकोनी तुकडे, बेबी कॉर्न, आणि कॉर्नफ्लॉवरने घट्ट केलेला गोडसर लाल लगदा. त्यात आधी तळून चामड्यासारखा केलेला टोफू. हे सगळं छान काळ्या बाउलमध्ये, वर कांद्याची पात भुरभुरून, आणि बिल बघाल तर डोळे पांढरे होतील. मी वेटरला विचारलं, "दादा, यात सिचुआन मिरी घातलीय का?" तर म्हणे, "मॅडम, व्हेजमध्ये असंच येतं." व्हेजमध्ये असंच येतं! म्हणजे मांस खात नाही हा आमचा गुन्हा आणि ही त्याची शिक्षा.

अहो, मुळात त्या पदार्थात खिमा असतो किती? मूठभर. एकोणिसाव्या शतकात सिचुआनची राजधानी चेंगडूमध्ये वान्फू पुलाजवळ चेन बाईंची खाणावळ होती, तेल वाहून नेणारे हमाल तिथे जेवायला थांबायचे आणि त्यांच्यासाठी बाई हे करायच्या, अशी कथा सांगतात. हमालांच्या खिशाला झेपेल असं जेवण ते. टोफू भरपूर, तेल भरपूर, तिखट भरपूर, आणि खिमा चवीपुरता. बाकी सगळा खेळ डोबानजियांगचा आणि सिचुआन मिरीचा. डोबानजियांग म्हणजे बाकल्याच्या, म्हणजे ब्रॉड बीन्सच्या, डाळीत लाल मिरची आणि मीठ घालून महिनोन् महिने आंबवलेली पेस्ट. चेंगडूच्या शेजारच्या पीशियनची सगळ्यात नावाजलेली, आणि चांगली मुरलेली असेल तर रंगाने लालपेक्षा तपकिरीकडे झुकलेली. मिरी तर झाडाचं फळ. म्हणजे पदार्थाचा सगळा जीव आधीपासूनच शाकाहारी आहे! आणि आमचे लोक व्हेज करताना नेमका तोच काढून टाकतात.

बरं, म्हटलं घरीच करू. तर रेसिपीवाले त्याहून थोर. "डोबानजियांग नसेल तर शेजवान चटणी चालेल." नाही चालणार! लसूण, मिरची, व्हिनेगर आणि साखर एकत्र परतली म्हणजे झालं का? त्यात आंबवलेली डाळ कुठे आहे? "सिचुआन मिरी नसेल तर काळी मिरी घ्या." आता काय बोलायचं. काळ्या मिरीचा वेल वेगळा, कुळ वेगळं. सिचुआन मिरी लिंबाच्या कुळातली, तिचं काम जाळणं नाही, ओठ-जीभ झिणझिणवून बधिर करणं. आणि पर्यायच हवा असेल तर तो आपल्या कोकण-गोव्यात झाडाला लागतो, तिरफळ! सख्खं भावंड आहे ते. बांगड्याच्या आमटीत तिरफळं ठेचून टाकणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारा, झिणझिण म्हणजे काय ते सांगतील. वास हुबेहूब नाही, मान्य, पण निदान त्या दिशेने तरी जातो. एका तरी मराठी रेसिपीवाल्याला हे सुचावं? नाही. काळी मिरी म्हणे.

पुढचा कहर म्हणजे "टोफू नसेल तर पनीर". मग सरळ पनीर चिली करा की, कोणी अडवलंय? मापोचा टोफू जिभेवर ठेवला की विरघळायला हवा. मऊ टोफूचे तुकडे करायचे, मिठाच्या गरम पाण्यात थोडा वेळ सोडायचे, म्हणजे कच्चा वास जातो आणि ते जरा सावरतात. मग कढईत मंद आचेवर डोबानजियांग परतायचं, घाई न करता, तेल लालभडक होऊन कडेला सुटेपर्यंत. इथेच सगळे व्हिडिओवाले माती खातात. पेस्ट टाकली, दोनदा हलवली, लगेच पाणी ओतलं. कच्च्या पेस्टचं खारट पाणी झालं ते! आणि नंतर त्यात पळी घालून खसाखसा ढवळतात, टोफूचा भुगा होईपर्यंत. कढई हलवा ना, हात कशाला दिलेत?

खिम्याच्या जागी वाळवलेले शिताके मशरूम आहेत. भिजवायचे, घट्ट पिळायचे, बारीक चिरायचे, कोरडे होईस्तोवर तेलात परतायचे. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, गाळून रस्स्याला वापरायचं, गोडी त्यातच उतरलेली असते. हे काही कोणाचं गुपित नाही. चीनमधल्या बौद्ध मठांत पिढ्यान् पिढ्या शाकाहारी स्वयंपाक होतो, तोही कांदा-लसणाशिवाय. खुद्द चेंगडूच्या वेन्शू मठात शाकाहारी उपाहारगृह आहे. त्यामुळे "चायनीज व्हेज कसं चांगलं लागणार" असं मान हलवत सांगणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं. आणि "प्युअर व्हेज मापो" असं ठळक लिहून खाली साहित्यात चिकन पावडर आणि ऑइस्टर सॉस घालणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. ऑइस्टर म्हणजे कालवं, बाबांनो! मशरूमचा शाकाहारी सॉस वेगळा मिळतो, तो म्हणायचा असेल तर तसं लिहा.

एवढं सगळं करून शेवटी ऑनलाइन सिचुआन मिरी मागवली. पाकीट फोडलं तर निम्म्याहून जास्त काळ्या चकचकीत बिया आणि काड्या. वापरायची असते ती साल, तिरफळासारखीच. बी फेकून द्यायची असते, दाताखाली वाळूसारखी कचकचते. वास म्हणाल तर जुन्या लाकडी कपाटाचा. फोटो काढून विक्रेत्याला पाठवले. त्याचं उत्तर आलंय, "मॅडम, खाद्यपदार्थ परत घेत नाही. बियापण कुटून घाला, वजन तर पूर्ण आहे ना?"