पाठीतलं पाणी आणि मिठाची गुळणी

शिमगा जवळ आला आणि आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघे माझे चुलतभाऊ. मजकूर थोडक्यात असा: नायसेरिया नावाच्या जंतूचा मेंदूज्वर चाकरमानी मुंबईहून घेऊन येतात, पुढे तो डास पसरवतात. मिठाच्या गुळण्या करा, कापूर हुंगा. ताप आलाच तर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्या. आणि काही झालं तरी पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं, तपासणीसाठी सुईने काढतात ते) काढू देऊ नका, माणूस लुळा पडतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये स्लाइडी बघते. जंतूचं नाव मेसेजात बरोबर आहे, म्हणून तर बाकीचंही लोकांना खरं वाटतं.

डासांचं आधी. मराठीत ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द आपण तीन-चार आजारांना लावतो, घोळ तिथे आहे. डासामुळे होतो तो जपानी मेंदूज्वर. तो विषाणूचा, भातखाचरात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांचा. नायसेरिया मेनिंजायटिडिस हा जीवाणू, आणि त्याचं घर एकच, माणसाचं नाक-घसा. जपानी मेंदूज्वराची लस घेतली म्हणून हा टळत नाही.

चाकरमान्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. साधारण दहातल्या एका माणसाच्या घशात हा जंतू काही त्रास न देता असू शकतो, मग तो लालबागचा असो की लांज्याचा. पसरतो तो थुंकी-शेंबडाच्या थेंबांतून, तेही जवळच्या सहवासात. पालखीला खांदा दिल्याने नाही. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. मात्र सणाला एका खोलीत बारा जण अंथरूण टाकतात आणि खिडक्या बंद, ही गोष्ट त्याला मानवते, हे कबूल करायला हवं. बराकी, वसतिगृहं, यात्रा अशा ठिकाणीच त्याच्या साथी होतात. 2000 साली हजच्या वेळी साथ झाली होती, ती या जंतूच्या डब्ल्यू गटाची. आज हजला जाणाऱ्यांना ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार गटांवरची लस घ्यावी लागते. आपल्याकडून जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

गुळणीने घसा शेकतो, इतकंच. हा जंतू केसासारख्या बारीक धाग्यांनी पेशींना चिकटून बसतो, आणि आजार होतो तेव्हा तो रक्तात उतरलेला असतो. तिथे मीठ पोचत नाही.

उरलेल्या गोळ्यांचा सल्ला मात्र जीवावर बेतणारा. रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर कधी कधी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा रिफाम्पिसिन देतात, बहुधा त्यावरून ही टूम निघाली असावी. पण ते त्यांना आजार होऊ नये म्हणून. झालेल्या आजाराला शिरेतून इंजेक्शन लागतं आणि तिथे तासातासाचा हिशेब असतो. दोन गोळ्यांनी ताप जरा उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आमच्या प्लेटवर (जंतू वाढवून बघायच्या ताटलीवर) काही उगवत नाही. याच जंतूचा सख्खा भाऊ म्हणजे परम्याचा (गनोरियाचा) गोनोकोकस, आल्बर्ट नायसर यांनी 1879 साली शोधलेला. सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रो, एकेक औषध त्याने पचवलं. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रिअॅक्सोनच्या इंजेक्शनवर. उरल्यासुरल्या गोळ्यांचा त्यात वाटा आहेच.

आता पाठीतलं पाणी. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून. तिथे पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखे नसांचे धागे असतात, सुईने ते बाजूला सरकतात. काढायचं ते काही मिलिलिटर. शरीर रोज अर्धा लिटरच्या आसपास नवं बनवतं. नंतर काही जणांचं डोकं एक-दोन दिवस दुखतं. मेंदूवर दाब वाटला तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात आणि औषध आधी चालू करतात. मग लुळं पडतं कोण? मुळात पाणी काढतात तेच गंभीर रुग्णाचं. आजाराने कुणाचं ऐकणं गेलं, कुणाचा हात-पाय गेला, आणि नाव सुईचं झालं.

हे पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ हवं. पेजेच्या निवळीसारखं गढूळ आलं की आमच्या हाताला वेग येतो. स्लाइड रंगवली की पुवाच्या पेशींत गुलाबी जोड्या दिसतात, पोटाला पोट लावून ठेवलेले दोन काजूगर जसे. पुस्तकात त्यांना मूत्रपिंडाची उपमा देतात; मला काजूच दिसतात.

एकदा एका दवाखान्यातून अशी ट्यूब आली ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फात खोचून, सुरमई आणावी तशी. देणाऱ्याने काळजीनेच दिली होती. पण या जंतूला गारठा सोसत नाही, कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून बघायचं पाणी बर्फात वा फ्रिजमध्ये ठेवायचंच नसतं. तो वाढतो 35 ते 37 अंशांत, गरम केलेल्या रक्ताच्या चॉकलेट अगार नावाच्या जेलीवर (यात चॉकलेट औषधालाही नसतं), आणि जरा जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणून आम्ही बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावतो. त्या ट्यूबमध्ये जोड्या दिसल्या, उगवलं काहीच नाही. स्लाइडवरून तरी निदान झालं. मिठात मरतो म्हणणाऱ्यांनी त्याचे हे नखरे एकदा बघावेत. पण घशात शिरला की तो असा नाजूक राहत नाही.

तापाबरोबर मान ताठ, उलट्या, उजेड नको वाटणं, गुंगी, यातलं काही दिसलं की गाडी काढा. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा ग्लास दाबून बघा. फिके पडत नसतील तर एक मिनिटही घालवू नका. सावळ्या अंगावर ते तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत सहज दिसतात. आणि ठिपके उठायची वाट बघू नका, कित्येकांना ते येतच नाहीत.

राहिला कापूर. तान्ह्या मुलाच्या नाकाशी तो धरू नका. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि मग झटका मेंदूज्वराचा की कापराचा, हे शोधायला पाठीतलं पाणी काढावं लागतं.