कोंब कुजला म्हणून कुंडी उपसू नका

पावसाळा लागला की सोलापुरातल्या बागवेड्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'ऑर्किडचा नवा कोंब कुजला? म्हणजे मुळं सडली. लगेच झाड उपसा, मुळांना दालचिनी पूड चोळा, मोठ्या कुंडीत माती, शेणखत, कोकोपीट घालून लावा. डाळिंबावर मारतात ते कॉपर फवारा. रोज संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडा.'

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी त्यांचं डेंड्रोबियम ऑर्किड घेऊन आल्या. "ताई, मेसेजमध्ये होतं तसंच सगळं केलं की ओ!" केलं होतं खरं, म्हणूनच त्या झाडाच्या कांड्या सुरकुतल्या होत्या.

कोंब कुजला म्हणजे मुळं सडली, ही मुळातली चूक. ज्वारीत खोडमाशी लागली की पोंगा मरतो. मधलं पान ओढलं की अलगद हातात येतं आणि बुडाला घाण वास येतो. आपल्याकडे शेताशी संबंध असलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ऑर्किडच्या कोवळ्या कोंबाचं दिसणं तसंच, फक्त इथे माशी नसते. पानांच्या पन्हाळीत पाणी उतरतं, रात्रभर तिथंच बसतं आणि जीवाणूंना किंवा बुरशीला आयतं घर मिळतं. कुज वरून आलेली असते. कुंडीतली मुळं बऱ्याचदा ठणठणीत असतात. खात्री करायची तर वरची मुळं चिमटीत धरून बघा. जिवंत मूळ टणक लागतं, कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि भिजलं की हिरवं होतं. सडलेलं दाबलं की पोकळ लागतं, साल सुटते आणि आतला दोरा हातात राहतो.

मी काय करते? ब्लेड गॅसवर तापवून गार करते आणि तपकिरी भाग संपून स्वच्छ पेशी दिसेपर्यंत कोंब कापते. दर कापाला ब्लेड पुन्हा तापवायचं, इथे आळस केला तर आपणच रोग पुढे नेतो. मग झाड इतर कुंड्यांपासून लांब, पंख्याच्या वाऱ्यात ठेवते आणि काही दिवस पाणी बंद. बाकीच्या कोंबांत पाणी दिसलं तर समईची कोरडी वात आत सोडून टिपून घेते. कोंब गेला म्हणजे झाड गेलं असंही नाही. कांडीच्या बुडाशी झोपलेले डोळे असतात, त्यातून पुन्हा फुटवा येऊ शकतो. हां, काळा डाग कोंबातून खाली उतरून जुन्या कांडीच्या बुडाशी पोचला असेल, तर मात्र उपसून कापावंच लागतं. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

एरवी कुंडी बदलायची वेळ झाड स्वतः दाखवतं. नव्या कोंबाच्या बुडाशी मुळांची हिरवी टोकं डोकावायला लागली की बदला. त्याआधी उपसलं तर जुनी मुळं मोडतात, नवी आलेली नसतात आणि झाड कांडीतल्या साठ्यावर दिवस काढतं. वहिनींच्या झाडाचं नेमकं हेच झालं.

दालचिनी कापलेल्या जागी चिमूटभर चालते, कारण ती ओल शोषते. मुळांना चोळली तर तीही सुकतात. बस, एवढंच.

माती-शेणखताचं काय? डेंड्रोबियम झाडाच्या फांदीवर वाढणारं झाड, त्याच्या मुळांना ओलीइतकीच हवा लागते. कोळसा, विटांचे तुकडे आणि दोन-तीनदा भिजवून धुतलेली नारळाची सोडणं, एवढं पुरतं. आपल्या कोरड्या हवेत नुसता कोळसा फार लवकर वाळतो, म्हणून सोडणं थोडी जास्त घालते. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठ्या कुंडीचा मध्य ओलाच राहतो.

कॉपरचा, म्हणजे तांबेयुक्त औषधाचा, सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातकी आहे. सोलापूर डाळिंबाचा जिल्हा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी आणलेलं कॉपर कितीतरी घरांत पडलेलं असतं. म्हणून हा सल्ला इथे पटकन पटतो. पण डेंड्रोबियमला कॉपर सोसत नाही, कोवळी पानं भाजतात. डाळिंबाचं औषध डाळिंबालाच राहू द्या.

राहिलं संध्याकाळचं शिंपण. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा झाडाची दया येते हे कळतं. पण आर्द्रता हवेत हवी, पोंग्यात नको. गॅलरीत फरशीवर ओलं पोतं टाका. कुंडीला पाणी सकाळी द्या, म्हणजे दिवे लागायच्या आत पानं कोरडी होतात.

वहिनींची कुंडी आम्ही परत लहान केली. "मग शेणखताचं काय करू? अख्खं पोतं आणलंय," त्या म्हणाल्या. म्हटलं, जास्वंदीला घाला.