‘गुण बघा, बाकी सगळं थोतांड’ : त्या मेसेजला माझं उत्तर

नागपुरातल्या बास्केटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे कोच आहेत. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : जो जास्त गुण करतो तो मोठा खेळाडू. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि असिस्ट (ज्या पासवर बास्केट झालं तो) लिहिलेले असतातच, त्यापलीकडे मोजण्यासारखं काही नसतं. ‘ॲडव्हान्स्ड स्टॅट्स’, म्हणजे खेळाडूला गुणांपलीकडच्या मापांनी जोखणारी आकडेमोड, हे कधी बॉल हातात न धरलेल्यांनी काढलेलं खूळ आहे. ही मंडळी माणसाला एका आकड्यात कोंबतात. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला निकोला योकिच हा याच आकड्यांनी फुगवलेला खेळाडू. आणि आपल्या इथल्या खेळाला तर याचा काडीचाही उपयोग नाही.

मी बरीच वर्षं मुलींच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून टेबलावर बसते. त्यामुळे हा वाद माझ्यासाठी टीव्हीवरच्या खेळापुरता नाही. एकेक मुद्दा घेते.

‘जो जास्त गुण करतो तो मोठा.’ गुण फुकट मिळत नाहीत. प्रत्येक शॉटमागे संघाची संधी खर्ची पडते. एका संघाचा बॉल संपला की तो दुसऱ्याकडे जातो, म्हणून सामन्याच्या शेवटी दोन्ही संघांची पझेशन, म्हणजे बॉल हातात येण्याच्या संधी, जवळपास सारखीच भरतात. मग किती गुण केले याच्याइतकंच, ते किती संधी वापरून केले, हेही विचारावं लागतं. एनबीएच्या 2000-01 च्या हंगामात ॲलन आयव्हर्सनने सामन्यामागे 31.1 गुण केले. 2015-16 मध्ये स्टीफन करीची सरासरी 30.1 होती. मेसेजच्या हिशेबाने आयव्हर्सन एका गुणाने पुढे. पण आयव्हर्सनला त्यासाठी सामन्यामागे साधारण साडेपंचवीस शॉट आणि दहा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) लागले, करीला वीस शॉट आणि पाच फ्री थ्रो.

ट्रू शूटिंग नावाचं माप हाच हिशेब मांडतं. फ्री थ्रोंना 0.44 ने गुणायचं, त्यात शॉट मिळवायचे, त्या बेरजेच्या दुपटीने गुणांना भागायचं. फ्री थ्रो बहुतेकदा जोडीने मिळतात, म्हणून एकाचं वजन अर्धं धरायला हवं. पण बास्केट झाल्यावर मिळणाऱ्या जादा फ्री थ्रोला वेगळं पझेशन लागत नाही, म्हणून ते अर्ध्यापेक्षा थोडं कमी येतं. आयव्हर्सनचं उत्तर सुमारे 52 टक्के, करीचं 67. आता यावरून कोणी आयव्हर्सनला फालतू म्हणाला तर मी त्याच्याशीही भांडेन. त्या फिलाडेल्फिया संघात गुण करणारं दुसरं माणूस जवळपास नव्हतं. शॉट घेण्यासाठीचे 24 सेकंद संपत आले की जळता निखारा त्याच्याच हातात यायचा, आणि तरी त्याने तो संघ फायनलला नेला. शिवाय 2001 आणि 2016 यांच्यामध्ये तीन गुणांच्या शॉटने सगळा खेळच बदलला. आकडा वाचताना हे सोबत ठेवावंच लागतं. पण ‘एक गुण जास्त, म्हणून मोठा’ हे वाचन त्याहून कितीतरी कच्चं आहे.

‘जे महत्त्वाचं ते लिहिलेलं असतंच.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण लिहिणारी मीच असते. आपल्या स्पर्धांत वापरतात त्या फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्कोअरशीटवर काय असतं? रनिंग स्कोअर, फाउल, टाइम आउट. रिबाउंडला रकाना नाही, असिस्टला नाही, टर्नओव्हरला (शॉट न घेताच बॉल गमावण्याला) नाही. जो कागद ‘रेकॉर्ड’ म्हणून फाइलला लागतो त्यावर खेळाडूची ओळख म्हणजे गुण आणि फाउल, बस.

सतरा वर्षांखालच्या गटातली एक मुलगी मला आठवते. उंच, अंगाने भरलेली, बोलायला अगदी कमी. फ्री थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर येऊन ती पाय रोवून उभी राहायची. आपली गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारी मुलगी, तिच्या खांद्याला घासून निघून जायची आणि मागे लागलेली बचावपटू तिच्यावर धाडकन आदळायची. याला स्क्रीन म्हणतात. गार्ड मोकळी, शॉट, दोन गुण. गुण गार्डचे. दुसऱ्या टोकाला शॉट सुटला की हिचे डोळे बॉलकडे नसायचेच. ती आधी समोरच्या संघातली सर्वांत उंच मुलगी शोधायची, तिच्याकडे पाठ करायची, कंबर खाली घ्यायची आणि तिला एकेक पाऊल रिंगपासून मागे रेटत न्यायची. हा बॉक्स आउट. बॉल टप्पा घेऊन आपल्याच कुणाच्या तरी हातात पडायचा. शेजारी बसलेला एक जुना खेळाडू मला म्हणाला, “ताई, ही पोरगी काय काम करून राहिली, पाहून राहिल्या का तुम्ही?” मी पाहत होते, पण लिहायला जागा नव्हती. निवड चाचणीनंतर यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. निवडणाऱ्यांनी विचारलं होतं, “हिने केलं काय?” शीटवर तिच्या नावापुढे चार गुण आणि तीन फाउल होते.

मोठ्या लीगमध्येही हेच झालं आहे. 2016-17 मध्ये रसेल वेस्टब्रूकने 42 ट्रिपल डबल (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) केले आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. सामन्यामागे 10.7 रिबाउंड, गार्डसाठी अचाटच. पण त्यातले पुष्कळसे त्याचा सहकारी स्टीव्हन ॲडम्स रिंगखाली माणूस अडवून धरायचा म्हणून मोकळे मिळाले. वेस्टब्रूक बॉल घेऊन तसाच सुटायचा आणि त्याचा संघाला फायदाही व्हायचा. त्याची मेहनत खरी होती, पण रकान्यात नाव एकाचंच गेलं. आणि ‘लिहिलेलं असतंच’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की एनबीएने स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं) अधिकृतपणे लिहायला सुरुवात केली ती 1973-74 पासून. म्हणजे 13 हंगामांत 11 विजेतेपदं मिळवणाऱ्या बिल रसेलच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही.

‘हे न खेळलेल्यांचं खूळ.’ बिल रसेलवरूनच पुढे जाते. 1961-62 मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे 50.4 गुण केले, त्यातल्या एका सामन्यात तर 100. त्या वर्षीचा एमव्हीपी रसेल होता. आणि त्या काळात मतं देत होते स्वतः खेळाडू. ज्यांच्या डोक्यावरून चेंबरलेन बॉल टाकत होता, त्यांनीच सांगितलं की 50 गुण ही सगळी किंमत नव्हे. पझेशनमागे किती गुण, हा हिशेबही कुण्या संगणकवाल्याने आणलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ, ज्यांच्या हाताखाली मायकेल जॉर्डन घडला, ते कित्येक दशकांपूर्वीच संघाला याच मापाने जोखत होते.

‘एका आकड्यात माणूस कोंबतात.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याच्या मनातल्या भीतीला आधार आहे, हे मी मान्य करते. जॉन हॉलिंजरने काढलेलं पीईआर हे एका आकड्याचं माप घ्या. त्यात सरासरी खेळाडूला 15 येतात. पण ते मुळात बॉक्स स्कोअरवर, म्हणजे सामन्यात नोंदलेल्या रकान्यांवर, चालतं, त्यामुळे बचाव म्हणजे त्याच्या लेखी जवळपास स्टील, ब्लॉक आणि रिबाउंडच. माझी ती स्क्रीन लावणारी मुलगी पीईआरमध्येही सापडली नसती. म्हणून प्लस-मायनस आलं : खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला. यात स्क्रीन येते, बॉक्स आउट येतो, ओरडून मैत्रिणीला जागेवर आणणंही येतं. एनबीएतल्या शेन बॅटियरची कारकिर्दीतली सरासरी नऊ गुणांचीही नव्हती, पण तो मैदानात असला की संघ सुधारतो, हे त्याच्या ह्यूस्टन संघाने याच मार्गाने ओळखलं.

पण साधं प्लस-मायनस भाबडं आहे. चांगल्या चौघींबरोबर खेळणाऱ्या पाचवीला ते उगाच मोठं करतं. मग पुढची पायरी : प्रत्येक तुकड्यात मैदानावर कोण दहा जण होते ते मांडून, बाकी नऊ जणांचा वाटा वेगळा काढायचा. दोघं कायम एकत्रच खेळत असतील तर त्यांना वेगळं करणं गणितालाही जड जातं. म्हणून पुरावा तोकडा असेल तिथे उत्तर सरासरीकडे ओढून घेतात. म्हणजे पुरावा नसेल तर कुणाला देवही करायचं नाही आणि दगडही नाही. हे काम मनापासून करणारी माणसं चार-पाच मापं शेजारी ठेवतात, ती कुठे पटत नाहीत ते शोधतात आणि मग सामना पुन्हा पाहतात. एका आकड्यावर निकाल देण्याची सवय मेसेजवाल्यांचीच आहे. त्यांचा तो आकडा म्हणजे गुण.

योकिचबद्दल फार बोलायची गरज नाही. 2014 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) त्याचं नाव 41 व्या क्रमांकावर आलं. पुढे 2021, 2022 आणि 2024 चा एमव्हीपी तो. 2023 मध्ये त्याचा डेन्व्हर संघ विजेता ठरला तेव्हा प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) सर्वाधिक गुण, सर्वाधिक रिबाउंड आणि सर्वाधिक असिस्ट हे तिन्ही त्याचेच होते, आणि असं त्याआधी कुणीही केलेलं नव्हतं. मेसेजला मान्य असलेल्या जुन्या रकान्यांतही तो पहिलाच आहे.

‘आपल्या इथे काय उपयोग?’ प्लस-मायनसचा उपयोग जवळजवळ नाही, हे सरळ सांगते. आपल्या मुलींना हंगामात मोजके सामने मिळतात, त्यातले काही 40-50 गुणांच्या फरकाचे. तेवढ्यावर कुणाचं प्लस-मायनस काढून यादी बनवली तर तोही अन्यायच होईल. मानकापूरच्या क्रीडा संकुलात एखादी मोठी स्पर्धा झाली तरी प्रत्येक तुकडा टिपणारं माणूस कुठून आणणार?

पण बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हर याने सांगितलेल्या चार गोष्टी साध्या वहीत मावतात : शॉट किती चांगले घेतले, टर्नओव्हर किती, आपल्या चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती परत मिळवले, फ्री थ्रो लाइनवर किती वेळा गेलो. शॉटमधून ते परत मिळवलेले रिबाउंड वजा करा, टर्नओव्हर आणि फ्री थ्रोची 0.44 पट मिळवा, की पझेशन आले. त्याला लॅपटॉपही लागत नाही.

आम्ही आता वहीत आणखी दोन रकाने आखले आहेत : ‘स्क्रीनवरून बास्केट’ आणि ‘बॉक्स आउट’. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच मैदानात पाय ठेवता येतो, तेव्हा संध्याकाळच्या सराव सामन्यांत बेंचवरच्या दोघी हे काम करतात. एक डोळे मैदानावर ठेवून मोठ्याने सांगते, दुसरी रेघा मारते. पहिल्याच आठवड्यात एका रेघेवरून दोघींचं भांडण झालं, तिने खरंच अडवलं होतं की नुसती उभी होती यावरून. कोचनी सराव थांबवला आणि तो प्रसंग पुन्हा खेळून दाखवायला लावला.