कोजागिरीला सरसकट कात्री? जरा थांबा

दसरा सरला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. 'आपलं नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद. इथले द्राक्ष बागायतदार ऑक्टोबर छाटणी करतात, तशी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या फुलझाडांची निम्मी छाटणी करा. पानं पिवळी असतील तर कुंडीत चमचाभर एप्सम मीठ टाका. थंडीत रोज संध्याकाळी पाणी द्या. वर्षभर फुलंच फुलं!' खाली हात जोडलेले इमोजी.

गुलाबापुरतं यातलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. पाऊस उघडल्यावर गुलाब छाटला की साधारण दीड महिन्यात फूल दिसतं. वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या काड्या काढायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या) जरा वर तिरका काप घ्यायचा, कलमाच्या जोडाखालून आलेला रानटी फुटवा बुडापासून तोडायचा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावायची. पण त्यासाठी कोजागिरीच कशाला? 2023 साली ती 28 ऑक्टोबरला होती, 2025 साली 6 ऑक्टोबरला. महिन्याच्या सुरुवातीला परतीचा पाऊस अजून रेंगाळत असू शकतो, आणि भिजत्या हवेत घेतलेला काप टोकाकडून काळा पडत खाली वाळत जातो. पंचांगापेक्षा आभाळ बघितलेलं बरं.

द्राक्षाचा दाखला तर मेसेजच्याच विरोधात जातो. ऑक्टोबरची छाटणी ही वेलीची वर्षातली दुसरी. पहिली खरड छाटणी एप्रिलमध्ये होते आणि तिच्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पावसाळ्याआधीच सूक्ष्म घड तयार होऊ लागतो. ऑक्टोबरला बागायतदार तो घड फक्त बाहेर काढतो. त्यासाठी काडी पक्व झाली का ते बघतो, डोळे मोजून कापतो. 'निम्मी उडवा' हा हिशेब त्याच्याकडे नाही. शिवाय नाशिक जिल्ह्यातल्याच बागलाणात अर्ली, म्हणजे हंगामाआधी येणाऱ्या, द्राक्षाची छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच होते. एका जिल्ह्यात एकाच पिकाला जिथे एक तारीख नाही, तिथे जास्वंदीपासून चाफ्यापर्यंत सगळ्यांना ती कशी लावणार?

खरं नुकसान 'सगळ्या' या शब्दाने होतं. कात्री उचलण्याआधी त्या झाडाला कळी कधी आणि कुठे धरते, एवढं माहीत हवं. शेवंती दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरते. तिचे शेंडे खुडायचे ते ऑगस्टपर्यंत. ऑक्टोबरात निम्मी कापलीत तर त्या हिवाळ्याची फुलं कचऱ्याच्या गाडीत गेली म्हणा. पॉइन्सेटियाच्या लाल पानांचंही तेच. कुंद थंडीतच फुलतो, त्याला तेव्हा हातही लावू नये. देवचाफ्याचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो. टोकं उडवली की पुढचा उन्हाळा बराचसा फुलांवाचून.

मोगऱ्याला छाटणी हवीच, पण डिसेंबर-जानेवारीत. आधी पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, मग छाटायचा आणि हळूहळू पाणी वाढवायचं. ऊन तापू लागतं तशी नवी फूट येते आणि कळ्या त्या फुटीवरच लागतात. ऑक्टोबरात छाटला तर कोवळी फूट ऐन थंडीत अडकून बसते. जास्वंद बिचारी हलकी कात्री कधीही सोसते, तिच्यावर वाद नको.

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी खालची, जून पानं पिवळी होतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत अनंताची वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. तिथे एप्समचे दहा चमचे टाकूनही उपयोग नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी हवी. आणि कुंडीचं भोक बुजून पाणी साचलं असेल तर दोन्ही नकोत, आधी भोक मोकळं करा.

रोज संध्याकाळच्या पाण्याचा सल्ला नाशिकजवळच्या निफाडच्या द्राक्षबागांवरून उचललेला दिसतो. तिथे पारा चार-पाच अंशांखाली उतरला की पहाटे पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. ती मोजक्या रात्रींची धडपड असते, रोजचा रिवाज नव्हे. थंडीत कुंडीतलं पाणी सावकाश आटतं. रोज ओतलं तर मुळं कुजतात, आणि संध्याकाळी भिजलेली गुलाबाची पानं रात्रभर ओली राहून काळ्या ठिपक्यांच्या रोगाला आमंत्रण देतात. बोट मातीत घालून बघा, वरचा थर कोरडा असेल तर सकाळी बुडाशी पाणी द्या.

मेसेज वाचून शेवंती कापून झाली असेल तर ती उपटून टाकू नका. बुडातून येणारे फुटवे जगवा आणि थंडी ओसरल्यावर मुळांसकट सुटे करून दुसऱ्या कुंडीत लावा.