सरांची पुस्तकं देण्याआधी

सर गेल्यावर त्यांच्यावर आलेला लेख वाचला, वाईट झालं. त्यात म्हटलंय की सरांच्या ठाण्याच्या घरातली पुस्तकं आणि टाचणवह्या त्यांचे विद्यार्थी ग्रंथालयाला देणार आहेत. जरूर द्या, पण पोती भरून नेऊन टाकू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, तिथे त्यातली बरीच असतीलही. आधी लेखक, आवृत्ती, साल अशी यादी पाठवून विचारा.

खरा ऐवज समासातल्या नोंदींत असतो. पेन्सिलीच्या खुणा खोडू नका, अशी पुस्तकं वेगळी काढा. वह्यांतल्या गंजलेल्या टाचण्या ओढल्या की कागद फाटतो. स्टेपल असेल तर मागची टोकं पातळ पट्टीने उचलून सोडवा. सेलोटेप तर नकोच! त्याचा डिंक पुढे पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरतेच. ओलसर पुस्तक उन्हात न टाकता पंख्याच्या वाऱ्याला उभं, पानं सुटी करून ठेवा. वाळल्यावर मास्क लावून मऊ ब्रशने गॅलरीत झटका. स्कॅन ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) आणि रंगीतच करा, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात फिकट पेन्सिल उडते. वाळवीची माती दिसली तर ते खोकं बाकीच्यांत मिसळू नका.